प्रजननापूर्वी श्वानांच्या सांध्यांची तपासणी व्हावी

महोदय,

गोव्यात लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलरचे पिल्लू घेताना गिऱ्हाईक वंशावळीचा कागद आवर्जून मागते. पिल्लाच्या आईबापाच्या खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे मात्र सहसा कोणी मागत नाही. खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष अनेक जनुकांवाटे पुढील पिढीत उतरतो आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही तो दडलेला असू शकतो, म्हणूनच अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था कुत्र्याला 24 महिने पूर्ण झाल्याशिवाय निरोगी खुब्याचे कायमचे प्रमाणपत्र देत नाही. आमच्या शेजारच्या तरण्या लॅब्रॅडॉरला बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) दोन पायऱ्या चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलावे लागतात. विकणाऱ्याने दोष दिला तो घरातल्या गुळगुळीत लाद्यांना! लाद्यांमुळे आणि वाढत्या वजनामुळे त्रास बळावतो हे खरे, पण मूळ रक्तातच असते. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानप्रजनकांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. त्या नोंदणीच्या वेळीच नर आणि मादी या दोघांच्याही तपासणीचा अहवाल मागावा आणि पशुसंवर्धन खात्याने अशा एक्स-रेची सोय माफक शुल्कात करून द्यावी, ही विनंती.

— एक श्वानपालक, फोंडा