लाल दिवा लागला तर आधी इंजिन बंद कर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू सहज बोलून गेलीस की पिकअप थांबल्यावर ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो, जरा रेस केली की जातो, बाकी गाडी मस्त आहे. आणि लगेच मधमाश्यांच्या पेट्यांवर बोलायला लागलीस. आई शेजारी होती म्हणून मी ताणलं नाही. पण हा दिवा लागत असताना बाकी गाडी कशी आहे याला काही अर्थ उरत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दादाला अजून काही सांगितलेलं नाही. तो लगेच गाडी विकायचा विषय काढेल.

हा दिवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब किती आहे ते सांगतो. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका, आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. पंपाने दाबाने ऑइल पोचवलं तरच तो थर टिकतो. दाब गेला की धातूला धातू लागतो, बेअरिंग वितळून क्रँकला चिकटतं आणि इंजिन जाम होतं. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचं आणखी नाजूक. त्याची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तिला काही सेकंदही कोरडं चालत नाही. तापमानाचा काटा चढताना बाजूला घ्यायला वेळ मिळतो. या दिव्यात तो मिळत नाही.

म्हणून दिवा कधी लागतो ते नीट बघ. इंजिन तापल्यावर फक्त स्लोवर, म्हणजे रेस न देता, मिणमिणत असेल, तर ऑइल पातळ झालंय, चुकीचं भरलंय किंवा पंप-बेअरिंग झिजलीत. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लागत असेल, तर ऑइल कमी आहे. ते एका बाजूला सरकतं आणि पंपाची जाळी हवा ओढते. आणि चालत्या गाडीत, रेसवर असताना लागला, तर विचार करत बसायचं नाही. क्लच दाब, गाडी कडेला घे, थांबताच किल्ली फिरव. गाडी चालत असताना किल्ली बंद करू नकोस, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. पुढचं गाव दोन किलोमीटरवर असलं तरी तिथपर्यंत न्यायची नाही.

आता गाडी सपाट जागी लाव, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांब आणि ऑइल मोजायची पट्टी काढ. पहिल्यांदा निघते तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. पुसून, पूर्ण आत बसवून पुन्हा काढ आणि दोन्ही बाजू बघ; ज्या बाजूला कमी दिसेल ती खरी. आपल्या गाडीत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचं अंतर आहे. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर अर्धा लिटर घाल, थांब, पुन्हा बघ. वरच्या खुणेच्या वर कधीच न्यायचं नाही. जादा ऑइल क्रँक घुसळून काढतो, फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही. शिवाय ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीतून, ओढलं गेलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही. तसं झालं तर ब्रेक दाबून धरून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन घोटायचं. हवेच्या तोंडाशी हात न्यायचा नाही.

तू न घालताच पातळी वाढलेली दिसली तर जास्त काळजी. दोन बोटांत चोळ, वास घे. डिझेलचा वास आला तर इंजेक्टर गळतोय किंवा फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. गरम झाल्यावर दिवा मिणमिणायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर कूलंट मिसळलंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. मग गाडी सुरूच करू नकोस. फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळट साय असेल आणि पट्टी स्वच्छ असेल, तर ती बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांमधली वाफ असते. आणि नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे.

पट्टी ठीक असेल तर दिव्याचा स्विच तपास. किल्ली ऑन, इंजिन बंद, तेव्हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब, वायर किंवा स्विच गेलाय. मग स्विचवरची एकुलती एक वायर काढ. दिवा विझला पाहिजे. तरीही जळत राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. पण स्विचच खराब असेल असं गृहीत धरून गाडी पळवायची नाही, हे मी पुन्हा सांगतो. स्विच काढून त्याच आट्यांत दाब मोजायचं मेकॅनिकल गेज लावून घे. इंजिन पूर्ण तापलेलं असताना स्लोवर साधारण १० पीएसआय (हे दाबाचं माप) आणि पुढे दर हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या हजार फेऱ्यांना, दहाच्या आसपास, असा ढोबळ हिशोब. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलाय, तोच अखेरचा. दिव्याचा स्विच साधारण ५ ते ७ पीएसआयला लागतो, म्हणजे तो मिणमिणतो तेव्हा दाब आधीच बराच खाली गेलेला असतो.

आता ऑइल कुठलं घालायचं. तुला कुणीतरी ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक सुचवलंय आणि दुसऱ्या कुणी २०डब्ल्यू-५०. दोन्ही नको. आपल्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं तो, आणि नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती घट्ट राहतं तो. ४० चं ऑइल त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ३० चं ९.३ ते १२.५. आपल्या इंजिनातले गॅप जाड थरासाठी ठेवलेले आहेत आणि वयाने ते आणखी वाढलेत. ३० घातलंस तर आज मिणमिणणारा दिवा उद्या लागूनच राहील. २०डब्ल्यू-५० ने दिवा कदाचित विझेल. मला त्याचीच भीती वाटते. दुखणं तसंच राहतं आणि सांगणारा गप्प होतो. वर थंडीत सकाळी सुरू करताना घट्ट ऑइल वरच्या भागात उशिरा पोचतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज सुरू करतानाच होते.

डब्यावर आणखी एक गोष्ट वाच: एपीआयची, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची, अक्षरं. सी ने सुरू होणारी डिझेलसाठी, एस ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. पुस्तकात सीएफ-४ लिहिलंय, ते जुनं झालं. १९९८ ची सीएच-४ किंवा २००२ ची सीआय-४ त्याच्या जागी बिनदिक्कत चालते. सीके-४ मिळालं तरी चालेल, ते मुख्यतः डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) नव्या गाड्यांसाठी कमी राखेचं केलेलं आहे. एफए-४ असं दिसलं तर मात्र डबा परत ठेव, ते मुद्दाम पातळ केलेलं असतं आणि जुन्या इंजिनासाठी नाही. मिनरल की सेमी-सिंथेटिक यावर वाद घालण्यापेक्षा ग्रेड आणि ही अक्षरं बरोबर ठेव. वाटेत टाकायची वेळ आलीच तर दुसऱ्या कंपनीचं त्याच ग्रेडचं घाल. कोरडं चालण्यापेक्षा ते कधीही बरं.

मला कळतंय, हे पत्र वर्गातल्या तासासारखं होत चाललंय. माफ कर. तुला हे येत नाही असं मला वाटत नाही. लहान असताना पट्टी पुसायचं काम तुझंच असायचं, आणि फडकं पट्टीच्या आधी तुझ्या नाकाला लागायचं. परवा निघालीस तेव्हा भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय न ठेवता उतरवलीस. मी मागून बघत होतो. आईला सांगितलंही. तुला सांगायचं राहिलं.

तर ऑइल बदलताना. इंजिन कोमट असू दे, उकळतं नको. हँडब्रेक, चाकांना अडणी. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड नसतील तर उचलूच नकोस, पिकअपला खाली जागा असते. वरचं झाकण सैल कर, मग ड्रेन प्लग. पाना तात्यांच्या हिरव्या हत्यारपेटीत आहे. वीस मिनिटं निथळू दे आणि प्लगवर, भांड्याच्या तळाशी काय आलंय ते नीट बघ. करडी बारीक पेस्ट चालते. चकचकीत कण किंवा तांब्याच्या रंगाची कपटं दिसली तर बेअरिंग गेलंय, ती कागदात जपून ठेव. तांब्याचं वायसर दर वेळी नवं. प्लग अंगातला जोर लावून आवळू नकोस, चेंबरचे आटे गेले की चेंबरच बदलावा लागतो. जुना फिल्टर काढलास की त्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघ. दोन रबरं एकावर एक बसली की सगळं ऑइल बाहेर पडायला वेळ लागत नाही. नव्या रबराला ताजं ऑइल लाव, हाताने फिरव, टेकल्यावर पाऊण वळसा, बस्स. पाना लावायचा नाही. फिल्टरसकट साडेसहा लिटर बसतं, पण आधी सहाच घाल. सुरू कर आणि रेस करू नकोस. दिवा चार-पाच सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. मग खाली गळती बघ, दहा मिनिटांनी पट्टी, आणि उरलेलं थोडं थोडं. जुनं ऑइल बंद डब्यात ठेवून गोळा करणाऱ्याकडे दे, मातीत ओतू नकोस. हातात मोजे घाल, वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नसतं.

पुस्तकात जे अंतर आहे ते हलक्या कामासाठी. तुझ्यासारखं ओझं आणि धूळ असेल तर त्याच्या निम्म्यावर बदल. आणि फ्लशिंगचं औषध या इंजिनात घालू नकोस. वर्षानुवर्षांचा चिखल एकदम सुटतो आणि पंपाच्या जाळीत अडकतो. मग पुन्हा दाब, पुन्हा तोच दिवा.

बघ, पुन्हा तिथेच आलो. कारण तू पेट्या रात्री हलवतेस. माशा आत आल्यावरच हलवायच्या हे बरोबर आहे, पण मला माहीत आहे, रात्री अकराला दिवा लागला तर तू म्हणशील, माशा कोंडल्यात, पोचून बघू. झाकणं जाळीची असली आणि रात्र असली तर पेट्या तासभर उभ्या राहू शकतात. इंजिन राहत नाही. उजाडेपर्यंत अडकलीस तर दुसरी गाडी बोलावून पेट्या सावलीत उतरव, आणि मला फोन कर, वेळ न बघता.

बाकीचं भराभर सांगतो. डिझेल फिल्टरखालची पाण्याची चावी महिन्याला सैल कर, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. एअर फिल्टरला हवा मारायची ती आतून बाहेर, हलकी. फाटला असेल तर साफ करत बसू नकोस. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. शाफ्टच्या क्रॉसला आणि पाट्यांच्या शॅकलला ग्रीस, पाट्यांचे यू-बोल्ट आवळून घे. मागच्या हाउसिंगचा (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचा) ब्रीदर मोकळा ठेव, तो तुंबला की ऑइल सीलमधून निघून ब्रेकच्या लायनरवर जातं आणि ब्रेक धरत नाहीत. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, ते हवेतलं पाणी ओढतं. चढावरून ओझं घेऊन आलीस की बंद करायच्या आधी दोन मिनिटं स्लोवर ठेव, टर्बो थंड होऊ दे.

गेज लावलास की तीन आकडे पाठव: थंड असताना स्लोवर, पूर्ण गरम झाल्यावर स्लोवर, आणि गरम असताना २,००० आरपीएमला. सोबत पट्टीचा फोटो, दोन्ही बाजूंचा. तोपर्यंत भरलेली गाडी काढू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
बाबा

ता. क. गिअर बॉक्सचं ऑइल बदलायचं ठरलं तर खालचा प्लग उघडायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय ना ते बघून घे. तो गंजून बसलेला असेल तर रिकामा गिअर बॉक्स घेऊन बसशील. तिथे जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घाल, जीएल-५ मागच्या हाउसिंगसाठी. जीएल-५ मधलं गंधक गिअर बॉक्समधल्या पितळी रिंगांना खातं.