बाई, तुम्ही मला पुस्तक शेवटून वाचायला शिकवलंत

ती. स्व. बाई यांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी मार्केट यार्डात अडकलो होतो. हळदीची आवक मोठी होती, सौदे चालू होते, आणि अशा वेळी दिवाणजीला पेढीवरून उठता येत नाही. संध्याकाळी वाचनालयात पोचलो तर तुमच्या टेबलाशी नवीन मुलगी बसलेली. खिडकीतला तुमचा पाण्याचा तांब्याही गेला होता. तिच्यासमोर काही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. उघड लिहितोय, कारण माझ्यासारखे तुमचे आणखी कितीतरी वाचक सांगलीत असतील आणि त्यांचंही बोलायचं राहून गेलं असेल.

मी बारावी कॉमर्सनंतर कामाला लागलो. वाचनालयात आलो तो रहस्यकथांसाठी. दोनेक महिने तुम्ही काही बोलला नाहीत. मग एकदा मी सहज म्हणालो, की माझी आजी पाटणची, कोयनेच्या भूकंपाची, 11 डिसेंबर 1967 ची पहाट तिच्या अंगावरून गेलेली, त्यामुळं भांडं पडलं तरी ती दचकून उठायची. तुम्ही आत गेलात आणि भूकंपावरचं एक साधं, सामान्य माणसासाठी लिहिलेलं पुस्तक माझ्या हातात दिलंत. धरणाचं पाणी खाली खडकाच्या भेगांत झिरपतं, तिथला दाब वाढतो, आणि आधीच ताणलेला जुना भ्रंश सरकायला तेवढं निमित्त पुरतं, हे त्यात वाचलं. आजी त्याला देवीचा कोप म्हणायची. मी तिला चित्र काढून दाखवलं. ती बराच वेळ त्या चित्राकडं बघत बसली होती. रहस्यकथा त्या आठवड्यात सुटल्या.

पण आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीसाठी.

गणपतीत मंडळानं मला बोलायला सांगितलं. मी विषय घेतला हेलियमचा. ठणकावून सांगितलं, की 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञानं आपल्या विजयदुर्गावरून सूर्य पाहिला आणि हेलियम शोधला. टाळ्या पडल्या. तुम्ही मागच्या रांगेत होतात, तुम्हीही वाजवल्यात.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलायला आलो तेव्हा तुम्ही रजिस्टर मिटलंत आणि चष्मा कपाळावर चढवलात. "काल बोललास छान. लॉकयर तेव्हा विजयदुर्गावर होता, हे तुला कुणी सांगितलं?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. "आणि त्या लेखकाला कुणी सांगितलं?" मी गप्प. तुम्ही ते पुस्तक कपाटातून काढून उलटं धरलंत, शेवटून उघडलंत. सूची नाही, संदर्भ नाहीत, शेवटच्या पानावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. मग दुसरी दोन जाड पुस्तकं ठेवलीत. त्यांच्या मागं बारीक टाइपात चाळीस-चाळीस पानं संदर्भ होते. म्हणालात, "इथनं सुरू कर. इंग्रजी अडलं तर मी आहे."

वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेली तरी तुम्ही दिवे घालवले नाहीत. आणि मला सापडलं ते असं. 1868 च्या त्या ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हताच. गुंटूरला होता तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. लॉकयरनं ग्रहणाशिवायच, इंग्लंडमधून, 20 ऑक्टोबरला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे उजेड रंगांत फोडल्यावर दिसणारा रेषांचा पट्टा, पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशी जुळत नव्हती, जरा बाजूला पडत होती, आणि त्या जरा बाजूला पडण्यातून पुढं नव्या मूलद्रव्याचं नाव आलं. पृथ्वीवर तो वायू रॅमसे या शास्त्रज्ञाला मिळाला 1895 मध्ये. लॉकयर विजयदुर्गावर आला हे खरं, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तुम्ही म्हणालात, "माणूस खरा, गड खरा. साल तीस वर्षांनी मागं गेलंय."

त्या संदर्भांतच आणखी एक नाव होतं, ते तुम्ही बोटानं दाखवलंत: जमखंडी. आपल्या सांगली-मिरजेसारखंच पटवर्धनांचं संस्थान, इथून शंभरेक किलोमीटरवर. 1868 च्या त्या ग्रहणाला रॉयल सोसायटीच्या वतीनं लेफ्टनंट जॉन हर्शेल तिथं दुर्बीण लावून बसला होता. ऑगस्टचे ढग मधे मधे येत होते. ढगांच्या फटीतून त्याला ज्वाळेच्या तीन रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. ती नारिंगी, म्हणजे लॉकयरनं पाहिलेली पिवळी तीच, सोडियमची, असं त्यानं लिहून ठेवलं, आणि माझं उपकरण जेवढं दाखवू शकतं तेवढ्यापुरतंच हे म्हणतो, असंही लिहिलं. म्हणजे हेलियमचा उजेड आपल्या शेजारच्या गावात एका माणसाच्या डोळ्यांत शिरला होता आणि त्याला तो ओळखता आला नव्हता. मी टाळ्या घेतलेल्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट किती मोठी होती! पुढच्या वर्षी त्याच मंडपात मी आधीची चूक सांगितली आणि जमखंडीची गोष्ट सांगितली. पोरं शांत बसून ऐकत होती.

तेव्हापासून कुठलंही पुस्तक मी शेवटून उघडतो. इतिहासाच्या पुस्तकांत तर हे फार लागतं. दरबारात कोण काय बोललं ते कानानं ऐकल्यासारखं लिहितात. आता मी आधी बघतो, की हे पत्रातून आलंय का बखरीतून, आणि बखर असेल तर कधीची. सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस, त्यानं बखर लिहिली ती त्यांच्या निधनानंतर सतराएक वर्षांनी जिंजीत. चिटणीसांची बखर त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. दोन्हींना एकाच वजनानं तोलता येत नाही, हे पेढीवरच्या माणसाला लगेच कळतं. पक्की पावती आणि ऐकीव भाव यांत फरक असतोच.

काही विद्वान मंडळी सोप्या पुस्तकांना नाक मुरडतात. मला ते पटत नाही. दिवसभर वजनं-पट्ट्या करून रात्री नऊला घरी येणारा माणूस शोधनिबंध वाचणार नाही. त्याला गोष्टीसारखं लिहिलेलंच पाहिजे. फक्त लिहिणाऱ्यानं मागं आपले धागे सोडून ठेवावेत. एवढं मागणं जास्त नाही, असं तुम्हीच म्हणायचात.

हळदीच्या पेटंटची गोष्टही तुमच्याचमुळं नीट कळली. आमच्या यार्डात सगळे अभिमानानं सांगतात, की आपण अमेरिकेला हरवलं. कसं, ते कुणी सांगत नाही. 1995 मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट तिथं दिलं गेलं आणि 1997 मध्ये रद्द झालं, ते आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, बत्तीस जुने संदर्भ पुढं ठेवले म्हणून. त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. आजीचा अनुभव सगळ्या देशाला ठाऊक होता, पण तिथं चालला तो छापील कागद. हे मी हरिपूरला हळद साठवायच्या पेवांशी उभं राहून हमालांना सांगितलं, तेव्हा एक म्हातारे हमाल म्हणाले, "म्हणजे कुणीतरी ती पुस्तकं जपली होती तर."

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा तुम्ही काय जपलंत ते मी पाहिलंय. पाणी ओसरल्यावर खालच्या कपाटांतला लगदा उपसताना तुम्ही रडला नाहीत. जी पुस्तकं वाचतील असं वाटलं, ती आम्ही गोणपाटावर उभी केली आणि तुम्ही पानापानात वर्तमानपत्राचे कपटे घालत बसलात, आठ दिवस. मी रोज पेढीवरचा पंखा आणायचो. त्यात ते दोन जाड ग्रंथही होते. एकाचा पुठ्ठा गेला, पण मागची संदर्भाची पानं वाचली. आजही त्यांना किंचित चिखलाचा वास येतो.

शनिवारी सुटी आहे. नवी हळद घेऊन घरी येतो. सोबत शेतीच्या इतिहासावरचं एक नवीन पुस्तक आणतोय. सांगलीच्या हळदबाजाराबद्दल त्यात एक ठाम वाक्य आहे, आणि मागं त्याचा संदर्भ काही सापडत नाही. पानाला खूण घालून ठेवलीय. चष्मा हाताशी ठेवा.

तुमचा,
हळदवाला