न दुखणारी जखम

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे, प्रकृती उत्तम आहे आणि झोपही पुरेशी होते, तेव्हा त्याबद्दल आईने पुन्हा चौकशी करू नये. रविवारी फोनवरचे बोलणे अर्धवट राहिले. जे राहिले ते घाईत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून रात्रपाळी संपवून हे पत्र लिहायला बसले आहे.

आधी आईच्या बोलण्याचे उत्तर देते, कारण ते मला लागले आहे. एवढे शिकून परक्या देशात लोकांच्या जखमाच धुतेस का, असे तू विचारलेस. आई, धुणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. जखम का भरत नाही हे शोधणे हे खरे काम. तिथवर रक्त पोहोचते की नाही, साखर किती आहे, माणूस कोणत्या कुशीवर तासन् तास पडून राहतो, त्याच्या पोटात पुरेशी प्रथिने जातात का, हे सारे पाहावे लागते. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही सुजलेला पाय घट्ट बांधत नाही, कारण रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर जी पट्टी बरे करायची तीच पाय घालवू शकते. संसर्गाची भीतीही बाळगू नकोस. हातमोजे आणि झगा घातल्याखेरीज मी संसर्ग असलेल्या रुग्णाच्या खोलीत पाऊल टाकत नाही.

आमचे रुग्णालय लहान आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते लहानच राहावे असा येथील नियम आहे, हे मात्र मी कधी सांगितले नव्हते. अमेरिकेत १९९७ सालच्या कायद्याने दूरच्या खेड्यापाड्यांतील रुग्णालयांचा वेगळा वर्ग केला. त्यांना २५ पेक्षा अधिक खाटा ठेवता येत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रिया शहरात होतात आणि त्यानंतरची बरे होण्याची संथ लढाई लढायला माणसे आमच्याकडे येतात. कुणाला शिरेतून कित्येक आठवडे प्रतिजैविके द्यायची असतात, कुणाला पुन्हा जिना चढायला शिकायचे असते.

आता येथील एक प्रथा सांगते, जी समजायला मला तीन महिने लागले. आमच्याच वॉर्डात उपचार चालू असलेला एखादा रुग्ण तातडीच्या आजारातून बाहेर आला, पण घरी जाण्याइतका सावरला नाही, तर डॉक्टर त्याला घरी सोडल्याचा आदेश लिहितात आणि लगेच पुन्हा दाखल केल्याचाही आदेश लिहितात. रुग्ण मात्र जागचा हललेला नसतो. तीच खाट, तीच खिडकी, उशाशी तोच चष्मा. कागदावर तेवढा तो एका ठिकाणाहून गेला आणि दुसऱ्या ठिकाणी आला. याला येथे ‘स्विंग बेड’ म्हणतात. पहिल्यांदा मी हे पाहिले तेव्हा त्या आजोबांचे सामान आवरायला घेतले होते, आणि ते बिचारे मला कुठे नेणार म्हणून घाबरले होते. कारण सगळे पैशाचे आहे. मेडिकेअर हा मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीचा सरकारी विमा तातडीच्या उपचारांचा हिशेब वेगळा ठेवतो आणि सावरण्याच्या काळातील शुश्रूषेचा वेगळा. आधी सलग ३ दिवस रुग्ण म्हणून दाखल असल्याशिवाय ही दुसरी सोय साधारणपणे मिळत नाही. मिळाली तर पहिल्या २० दिवसांची शुश्रूषा विमा पूर्ण उचलतो, पुढे १०० व्या दिवसापर्यंत रुग्णाला रोजचा वाटा भरावा लागतो. जखमेला मात्र हे गणित कुणी समजावलेले नसते. ती आपल्या गतीने भरते, आणि विसावा दिवस जवळ आला की घरची माणसे आमच्या चेहऱ्यांकडे पाहू लागतात.

बाबा, आता तुमच्या पायाविषयी. अंगठ्याखालच्या जखमेला पाच आठवडे झाले आणि ती मुळीच दुखत नाही, म्हणून काळजी नको, असे तुम्ही म्हणालात. ती दुखत नाही हीच माझी काळजी आहे. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. मग माणूस जखमेवर भार देऊन चालत राहतो, आणि मलम कितीही चांगले असले तरी प्रत्येक पावलागणिक ती पुन्हा चिरडली जाते. येथे अशा रुग्णाच्या पायाला तळव्यापासून गुडघ्याखालपर्यंत अगदी मापात बसणारे प्लास्टर घालतात, म्हणजे भार सगळ्या पायावर वाटला जातो. तुम्हाला गंमत वाटेल, पण ही विद्या आपल्याकडच्या कुष्ठरुग्णांवर उपचार करताना घडली. वेल्लोरला अनेक वर्षे काम केलेले डॉ. पॉल ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेतील लुईझियाना राज्यातल्या कारव्हिल येथे गेले आणि त्यांनी ती इकडच्या मधुमेहींसाठी वापरात आणली. वेदना नसणे हेच त्या पायांचे दुर्दैव, असे ते शिकवत.

जखम उघडी ठेवून सुकवू नका. खपली धरली की बरे झाले, असे मीही समजत होते. पण १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. घरगुती लेप थांबवा, गरम पाण्यात पाय बुडवू नका, आणि घरातही अनवाणी चालू नका. अशी जखम चार आठवड्यांत निम्म्याने लहान व्हावी अशी आमची अपेक्षा असते. झाली नाही तर उपचार बदलावे लागतात. तुमचे चार आठवडे उलटून गेले आहेत. दादाने रजा काढून तुम्हाला याच आठवड्यात पायाच्या डॉक्टरांकडे न्यावे. संवेदना पाहायला ते १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवतील. तो जाणवला नाही तर ‘जाणवला’ म्हणू नका; मी तुम्हाला ओळखते. पायाला लाली, सूज किंवा दुर्गंधी दिसली, अथवा ताप आला, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.

रुग्णाला घरी सोडताना आम्ही एक प्रश्न विचारतो: घरी जखम कोण पाहील? परवा एका आजोबांनी उत्तर दिले, “मुलगी आहे, पण ती दूर असते.” मी तसेच लिहून घेतले.

पैसे पाठवले आहेत, ४०,००० रुपये. ते पायाची तपासणी आणि खास पादत्राणे यांसाठीच आहेत, मांडवासाठी नव्हेत, हे दादाला स्पष्ट सांगावे. धाकट्याच्या लग्नासाठी मला दहाच दिवसांची रजा मिळेल असे दिसते, त्यातले दोन प्रवासात जातील. हळदीला मी नसेन. ताईच्या वेळीही नव्हते, हे आईने आठवण करून द्यायची गरज नाही. आत्याने सुचवलेल्या स्थळाला माझ्या वतीने होकार किंवा नकार काहीच कळवू नका. आले की भेटेन. इकडे कुणी आहे का, असे आई तीनदा विचारून झाली आहे. कुणी नाही.

वहिनीला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, लग्नासाठी घेतलेले नवे जोडे जखम पुरी भरेपर्यंत घालू नका, मग लोक काहीही म्हणोत. आणि आईने दर रविवारी जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून पाठवावा, अंगठा डावीकडे येईल असा, म्हणजे मला मागच्या फोटोशी ताडून पाहता येईल.