आमचा नंबर स्वतः लावून पाहणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांसमोरच मानायचे आहेत. बोअरची मोटर, आरओ, फ्रिज, पेस्ट कंट्रोल अशी कामं करणारी नाशिकमधली कितीतरी दुकानं आज एकच प्रश्न विचारतात: गूगलवर पैसे टाकतो, मग फोन का वाजत नाही? त्याचं उत्तर तुम्ही आम्हाला जसं दिलंत तसं ते सगळ्यांना मिळायला हवं.

आमच्या मोटर वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेली मोटर नवी तार भरून देण्याच्या, दुकानाच्या गूगल जाहिरातींचं काम तुम्ही हाती घेतलंत तेव्हा आधी जाहिरातीचं खातं उघडलं नाहीत. आधी स्वतःच्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावलात. सकाळी शटर उघडतानाच्या वेळी, दुपारी जेवणाच्या वेळी, संध्याकाळी कामाच्या घाईत. किती रिंग गेल्यावर फोन उचलला, उचलणाऱ्यानं दुकानाचं नाव सांगितलं का, मागे ग्राइंडर चालू असताना पत्ता नीट ऐकू येतो का, हे सगळं कागदावर मांडून दिलंत. या धंद्यात याहून मोलाचं काम आम्ही दुसरं पाहिलेलं नाही. कारण ग्राहकानं जाहिरातीतलं ‘कॉल’ दाबलं की त्या क्लिकचे पैसे लागतात. पुढे फोन उचलला गेला का, याच्याशी त्या पैशांचा काही संबंध नसतो. शिवाय ते बटण दाबल्यावर आधी फोनचा डायलर उघडतो आणि ग्राहकाला पुन्हा एकदा हिरवं बटण दाबावं लागतं. बरेच जण तिथूनच मागे फिरतात. म्हणून खात्यातले क्लिक आणि दुकानात वाजलेले फोन हे दोन आकडे सहसा सारखे येत नाहीत, आणि बघायचा असतो तो त्यांच्यातला फरक.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे हे काम होतं, त्यांच्याकडून दर महिन्याला रंगीत आलेखांचा अहवाल यायचा. जाहिरात किती जणांना दिसली, किती क्लिक झाले, सगळं त्यात असायचं. फोन किती आले, हा रकानाच नव्हता. खातं त्यांच्याच नावावर. खात्याचा दहा आकडी क्रमांक मागितला की ‘पाठवतो’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. लोकांनी नेमकं काय शोधलं आणि आपली जाहिरात दिसली, ती सर्च टर्म्सची यादी तुम्ही त्यांच्याकडून चिकाटीनं मिळवलीत, तेव्हा पैसे कुठे वाहून गेले ते कळलं. मोटर इन्शुरन्स. मोटर ड्रायव्हिंग स्कूल. मोटर वाइंडिंगचा कोर्स. मोटर वाइंडिंगचा डायग्राम. सेकंड हँड मोटर. नुसता ‘मोटर’ हा शब्द ब्रॉड मॅचवर, म्हणजे मिळत्याजुळत्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसेल असा, सोडून दिला होता आणि गूगल सर्चबाहेरही जाहिरात दाखवणाऱ्या सर्च पार्टनर व डिस्प्ले नेटवर्क या दोन्ही खुणा सुरुवातीला जशा असतात तशाच ठेवल्या होत्या. आणि त्या नंबरवर त्यांच्यातल्या कुणी एकदाही फोन लावून पाहिला नव्हता. याचं वाईट अजून वाटतं. ज्या घरची मोटर जळाली आहे, त्या घरात त्या दिवशी पाणी नसतं. न उचललेला फोन म्हणजे तसं एक घर.

तुम्ही नवीन खातं दुकानाच्याच ईमेलवर काढायला लावलंत, अ‍ॅडमिनचा हक्क दुकानाकडे ठेवलात आणि स्वतः मॅनेजर खात्यातून जोडून घेतलंत, म्हणजे उद्या तुम्ही नसलात तरी सगळा इतिहास दुकानाकडेच राहील. मानधन ठरावीक सांगितलंत. जाहिरातीचा खर्च वाढला की टक्केवारीनं आपलं मानधन वाढवायचं, ही पद्धत तुम्ही ठेवली नाहीत.

मग जाहिरातीसाठी वेगळं सिम. दुकानाचा जुना नंबर गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर तसाच राहिला, तिथून येणाऱ्या फोनला पैसे लागत नाहीत. नवा नंबर जाहिरातीत आणि जाहिरातीतून उघडणाऱ्या पानावर, बाकी कुठे नाही. त्यामुळे कुठला फोन फुकटचा आणि कुठला पैशाचा, हे नुसता कॉल लॉग पाहून कळतं. त्या पानावर तो स्पष्ट दिसेल असा टाकलात, नाहीतर नंबरची पडताळणी अडू शकते आणि कॉल असेट, म्हणजे जाहिरातीत नंबर दाखवण्याची गूगलची सोय, नाकारला जाऊ शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जाहिरातीच्या मजकुरात नंबर लिहिला तर तेही चालत नाही. नंबर कॉल असेटमध्येच भरायचा.

शब्दांवर तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ दिलात. ‘सबमर्सिबल मोटर दुरुस्ती’, ‘बोअर मोटर रिपेअर’, ‘पाण्याची मोटर जळाली’, ‘मोटर काढणारे’ असे शब्द फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅचमध्ये, म्हणजे त्याच अर्थाच्या शोधांपुरते, देवनागरीतही आणि लोक रोमन अक्षरांत टाइप करतात तसेही, कारण शेतकरी बोलून शोधतात आणि सिडकोतली मुलं टाइप करून. जे शब्द शोधात आले तर जाहिरात दिसू नये, त्या नकोशा शब्दांची यादी त्याहून मोठी: इन्शुरन्स, ड्रायव्हिंग, कोर्स, आयटीआय, पगार, नोकरी, डायग्राम, बाइक, वॉशिंग मशीन, सेकंड हँड. नकोसा शब्द एकवचनी टाकला म्हणून अनेकवचनी आपोआप अडत नाही आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्दही अडत नाही, प्रत्येक वेगळा भरावा लागतो. ‘किंमत’ हा शब्द अडवायचा की नाही यावर आपली चर्चा झाली होती. तुम्ही फक्त ‘नवीन मोटर किंमत’ अडवलीत आणि ‘मोटर भरायची किंमत’ मोकळी ठेवलीत. हा बारकावा धंदा समजून घेतल्याशिवाय सुचत नाही.

ठिकाणाचंही तसंच. गूगलची सेटिंग सुरुवातीला अशी असते की जो नाशिकमध्ये आहे त्याला जाहिरात दिसते आणि ज्याला नाशिकमध्ये रस आहे त्यालाही. लॉजवाल्याला ते चांगलं, कारण त्र्यंबकेश्वरला निघालेला माणूस मुंबईत बसूनच शोधतो. मोटर भरणाऱ्याला त्या मुंबईकराचा काय उपयोग? तुम्ही फक्त प्रत्यक्ष हजेरी ठेवलीत, दुकान आहे त्या अंबडभोवती नकाशावर गोल आखलात आणि पंचवटी, म्हसरूळकडची कामं सकाळच्या फेरीतच घ्यायला सांगितलंत, कारण संध्याकाळी द्वारका चौक ओलांडून जाण्यात जो वेळ जातो तेवढ्यात सिडकोतली दुसरी मोटर निघते. निफाड आणि दिंडोरीची शेतीची कामं वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवलीत. शेतीला थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्री एक फेज गेला आणि मोटर तशीच चालत राहिली की वाइंडिंग जळतं, ते कळतं पहाटे पाणी न आल्यावर. म्हणून त्या कॅम्पेनची वेळ सकाळी 7 पासून, आणि 7 ला फोन घेणारा माणूस ठरल्यावरच. जाहिरातीची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत लावता येते, म्हणून दुपारच्या जेवणाची सुटीसुद्धा तुम्ही त्यात बसवलीत.

पैशांचा हिशेब तुम्ही ज्या सरळपणानं मांडलात, तो इतरांच्याही कामाचा आहे. रोजचं बजेट 300 रुपये ठेवलं तरी एखाद्या दिवशी 600 पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या 30.4 पट, म्हणजे 9,120 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 10,761 रुपये 60 पैसे. नव्या खात्यात मोजलेले कॉल नसतात, त्यामुळे आधी जास्तीत जास्त क्लिकची बोली, म्हणजे बजेटात जमतील तेवढे क्लिक मिळवण्याची सेटिंग, आणि प्रत्येक क्लिकला वरची मर्यादा. मग नुसतं उदाहरण म्हणून: क्लिक 25 रुपयांना पडला, 20 क्लिकचे 500 झाले, त्यातून 12 फोन वाजले, 8 आपल्या भागातले निघाले आणि 4 कामं झाली, तर जीएसटी धरून एका कामामागे 147 रुपये 50 पैसे. मोटर भरण्याच्या कामाला हे परवडतं, नुसता कपॅसिटर बदलायला जायचं असेल तर परवडत नाही. म्हणून कपॅसिटरच्या फोनवर आधी घरी येण्याचे पैसे सांगायचे, हे तुम्हीच ठरवून दिलंत.

फोनशेजारी लावलेला तुमच्या हातचा कागद अजून तिथेच आहे. मोटर किती एचपीची, सिंगल फेज की थ्री फेज, बोअर किती फूट, पाइप लोखंडी की एचडीपीई, घराजवळची खूण काय. लोखंडी पाइप असेल तर कप्पी, साखळी आणि जास्तीची माणसं न्यावी लागतात. हे फोनवरच विचारलं नाही तर एक फेरी फुकट जाते आणि ग्राहक दुसरा फोन लावतो. हेच पाच रकाने फोनच्या वहीत, आणि सहावा रकाना ‘काम झालं का, नाही तर का’. दर सोमवारी तुम्ही त्या वहीची ओळन् ओळ वाचायचात आणि ‘नाही’च्या कारणांवरून नकोशा शब्दांची यादी वाढवायचात.

आणि उन्हाळ्यातली ती दुपार. दुकानाच्या भागातलं मोबाइल नेटवर्क गेलं होतं, जाहिरात चालू होती, क्लिक होत होते. तुम्ही नेहमीसारखा नंबर लावून पाहिलात, लागला नाही. लगेच कॅम्पेन थांबवलीत आणि शेजारच्या हार्डवेअरवाल्यांच्या लँडलाइनवर फोन करून निरोप दिलात. संध्याकाळी रिंग ऐकू आल्यावरच पुन्हा चालू केलीत. खात्याच्या चेंज हिस्टरीत त्या दोन ओळी आहेत, थांबवल्याची आणि सुरू केल्याची. तुमच्या बिलात त्यांचा उल्लेखही नव्हता. ताई, ते वाचून डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं कशाला!

अशी माणसं असतात म्हणून गावगाडा चालतो. सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीत ‘थांबा, मी विचारून सांगतो’ म्हणणारा, एसटी सुटताना मागून पळत येणारी म्हातारी पाहून बेल न मारणारा. त्यांच्या कामाचं मोजमाप कुठल्या अहवालात येत नाही. दुसऱ्याचा वेळ आणि दुसऱ्याचा पैसा आपलाच समजून वागायचं, एवढं त्यांना सहज जमतं. तुम्ही त्यांच्यातल्या आहात.

आता पुढचं काम. 2027 च्या सिंहस्थात पंचवटीकडचे रस्ते बंद-चालू होत राहतील. शहरात आलेला प्रत्येक भाविक जाहिरातीच्या हिशेबानं ‘नाशिकमध्ये हजर’ धरला जाईल, पण त्याच्याकडे बोअर नसेल. लॉज आणि धर्मशाळांच्या मोटरी मात्र रात्रंदिवस चालतील आणि त्यांचे फोन कुठल्याही वेळी येतील. त्यांच्यासाठी वेगळे शब्द, वेगळा गोल आणि रात्रपाळीचं सिम लागेल. ही आखणी तुमच्याच हातून व्हावी अशी इच्छा आहे. मानधन तुम्ही सांगाल ते. हार्डवेअरवाल्यांनाही त्यांच्या पाइपफिटिंगसाठी असंच खातं हवं आहे. तुमचा नंबर त्यांना द्यायचा का, तेवढं कळवा.

आपले कृतज्ञ,
मोटर वाइंडिंगच्या दुकानातले सगळे
अंबड, नाशिक