गप्पा कापू नका हो

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग आता कशी 'स्वच्छ' करून मिळतात यावरचा लेख तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचला. खोकला गेला, टाळ्या गेल्या, मधली बडबड गेली, आता नुसतं संगीत, असं त्यात अगदी कौतुकानं लिहिलंय. मला वाचून कसंसंच झालं. का ते सांगायचं तर ग्लासगोपर्यंत जावं लागेल, म्हणून पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगते.

मी मिरजेची. 2014 ते 2018 नोकरीसाठी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला होते. तिथे जानेवारीत चार-सव्वाचारलाच अंधार पडायला लागतो, वर पाऊस, माणूस रडकुंडीला येतो. पण त्याच दिवसांत तिथे केल्टिक (म्हणजे स्कॉटिश, आयरिश वगैरे पारंपरिक) संगीताचा 'केल्टिक कनेक्शन्स' नावाचा मोठा महोत्सव असतो, 1994 पासून. ख्रिसमस झाला की हॉल रिकामे पडायचे म्हणून सुरू केलेला, आता अडीच-एक आठवडे शहरभर रोज कुठे ना कुठे वाजवणं चालू असतं. (संगीत 'केल्टिक' आणि फुटबॉलचा क्लब 'सेल्टिक', हे मी ऑफिसात पहिल्याच आठवड्यात उलटं म्हणाले आणि पुढची चार वर्षं लोक मला त्यावरून चिडवत होते. वाजवणारे तर दोन्ही म्हणत नाहीत, ते नुसतं 'ट्रॅड' म्हणतात, म्हणजे ट्रॅडिशनल.)

पहिला कार्यक्रम ओल्ड फ्रूटमार्केटमध्ये ऐकला. नावाप्रमाणे खरंच जुना फळबाजार आहे तो, लोखंडी खांब, वरती गॅलरी, आणि व्यापाऱ्यांच्या जुन्या पाट्या अजून तशाच लटकतायत. त्या पाट्यांखाली उभं राहून फिडल ऐकायचं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण हे लोक वाजवतात तेव्हा ते दुसरंच काहीतरी वाटतं. एक धून संपली असं वाटतं तोच न थांबता दुसरी सुरू, मग तिसरी, तीन-चार धुना एकत्र गुंफलेल्या, त्याला 'सेट' म्हणतात. आणि एकीतून दुसरीत जाताना बऱ्याचदा पट्टी बदलते, त्या क्षणाला अख्खा हॉल 'हुप्' करून ओरडतो. आपल्याकडे समेवर येताना दाद जाते ना, अगदी तसंच. जिग नावाचा प्रकार असतो त्याची चाल मला दादऱ्यासारखी वाटायची, सहाचीच, त्यामुळे माझा पाय आपोआप चालायचा, शेजारचे बघायचे की ही साडीवर स्वेटर घातलेली बाई कोण.

मग मला रेकॉर्डिंगच्या कार्यक्रमांना जायची चटकच लागली. म्हणजे जिथे रेडिओसाठी किंवा अल्बमसाठी लाईव्ह रेकॉर्ड करतात ते. तिकीट बहुधा स्वस्त, कधी कधी फुकट, पण दारात सांगतात उशिरा आलात तर आत सोडणार नाही. आपल्या आकाशवाणीच्या निमंत्रितांसमोरच्या मैफली असायच्या तसंच काहीसं वातावरण. डोक्यावर दोन माइक लटकत असतात, ते आपल्यासाठी, प्रेक्षकांसाठी. आणि सुरुवातीला साउंडवाला स्टेजवर येऊन सांगतो की बाबांनो, संथ धून असेल तेव्हा शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत थांबा, मग हवा तेवढा दंगा करा. आणि लोक थांबतात हो! शेवटचा सूर गेल्यावर दोन-तीन सेकंद हॉलमध्ये जी शांतता असते ती मी दुसरीकडे कुठेच ऐकली नाही.

आता मुद्द्यावर येते. असंच एका आयरिश बँडचं रेकॉर्डिंग होतं. बँडचं नाव लिहीत नाही, अल्बम काढणाऱ्या कंपनीचंही नाही, भांडण करायचं नाहीये मला. त्यांच्यात इलन पाइप्स वाजवणारा एक जण होता. आपल्याला बॅगपाइप म्हटलं की लष्कराच्या परेडमधला, उभं राहून तोंडानं फुंकायचा आठवतो, हा तसला नाही. हा बसून वाजवतात, कोपराखाली भाता असतो त्यानं हवा भरतात, 'इलन' म्हणजे आयरिशमध्ये कोपरच. 2017 साली युनेस्कोच्या वारसा यादीतही गेला तो. सनईसारखीच त्याला दुहेरी पत्ती असते आणि हवा जरा कोरडी झाली की पत्ती रुसते. त्या रात्री हीटर चालू होते त्यामुळे ती रुसलीच. तो बिचारा लावतोय, लावतोय, मी मिरजेत तंतुवाद्यवाल्यांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावताना तासन्‌तास बसलेली मुलगी, मला काही कंटाळा येईना, पण बाकीचे चुळबूळ करायला लागले. तेव्हा लावता लावता तो गोष्ट सांगायला लागला.

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरीच्या किनाऱ्यासमोर ब्लास्केट नावाची बेटं आहेत. आता तिथे वस्ती नाही, शेवटचे लोक 1953 साली हलवले. तिथले कोळी लाकडी सांगाड्यावर कापड ताणून डांबर लावलेल्या होड्यांतून जायचे, आणि अशी दंतकथा आहे की एका रात्री समुद्रावर त्यांना कुठूनतरी एक सूर ऐकू आला, अमानवी, तो त्यांनी ऐकून ऐकून फिडलवर बसवला. बेटावरचे लोक म्हणायचे भुताखेतांचं गाणं आहे. हल्ली काही जण म्हणतात देवमासा असणार, होडीचा तळ इतका पातळ की पाण्याखालचा आवाज आत यायचा. हे सांगून पायपर म्हणाला की मला ज्या म्हाताऱ्यानं ही धून शिकवली तो एवढंच म्हणायचा, तू वाजवतोयस असं वाटू देऊ नकोस, ऐकतोयस असं वाटू दे. आणि मग वाजवायला लागला. मी काय सांगू, अंगावर काटा. मधे एका जागी सूर असा काही खाली घसरत आला की माझ्या तोंडून 'अगं बाई!' निघून गेलं. बऱ्यापैकी मोठ्यानं. शेजारचे आजोबा हसले फक्त.

नंतर दुसरा एक सेट त्यांना परत वाजवावा लागला, कुठल्याशा वायरीत गुणगुण येत होती म्हणे, आणि साउंडवाल्यानं आम्हाला हात जोडून सांगितलं की टाळ्याही परत तेवढ्याच उत्साहानं द्या. दिल्या. थोड्या जास्तच दिल्या.

महिन्याभरानं हे रेडिओवर लागलं. गोष्ट अख्खी होती, पत्ती लावतानाचे चुकार आवाज होते, आणि माझं 'अगं बाई'सुद्धा होतं! बारीक, पण होतं. मी मिरजेला फोन करून आईला ऐकवलं. ते ऑनलाइन थोडेच दिवस असतं, मग गायब झालं. मला वाटलं जाऊ दे, अल्बम येईलच. आठ-नऊ महिन्यांनी आला, पैसे देऊन घेतला, लावला तर गोष्ट नाही, म्हाताऱ्याचं वाक्य नाही, टाळ्या प्रत्येक धुनेच्या शेवटी हळूच विझवलेल्या. ती धून एकदम शांततेतून सुरू होते, शांततेत संपते. माझं 'अगं बाई' कुठे गेलं देव जाणे. ते गेलं त्याचं मला वाईट वाटत नाही (थोडं वाटतं), पण ही धून कुठून आली, कुणी कुणाला दिली, हे त्या बोलण्यातच होतं ना. आपल्याकडे गवई बंदिश सुरू करायच्या आधी कानाला हात लावून गुरूचं नाव घेतो, ते कापून टाकलं तर?

सगळे असं करतात असंही नाही. चीफटन्स या प्रसिद्ध आयरिश बँडचा बासरीवाला मॅट मॉलॉय याचा आयर्लंडमध्ये वेस्टपोर्टला स्वतःचा पब आहे, तिथल्या मैफलीचाच 1992 मध्ये अल्बम निघाला, पबमध्ये बसूनच ऐकतोय असं वाटतं. आणि मार्टिन हेज व डेनिस कॅहिल, फिडल आणि गिटार, यांचं सिअ‍ॅटलचं लाईव्ह रेकॉर्डिंग आलं 1999 ला, त्यात एकच सेट जवळपास अर्धा तास चालतो, हळूहळू चढत जातो, आणि शेवटाकडे प्रेक्षक जे ओरडायला लागतात ते नसते तर तो अर्धा तास मला तरी निम्माच कळला असता. साधी गोष्ट आहे, समोर माणसं होती म्हणून तो तसा वाजवला गेला.

आमच्या काकांकडे खाजगी मैफलींच्या कॅसेटी होत्या, उरुसाच्या वेळी दर्ग्यात रात्रभर गाणं चालायचं त्यातल्याही दोन-तीन. एकीत तबल्यावर हातोडी पडतेय, कुणीतरी 'चहा सांगा रे' म्हणतंय, आणि बुवा गाणं थांबवून कुणाला तरी 'या, या, पुढे बसा' म्हणतात. मागच्या वर्षी त्या डिजिटल करायला टाकल्या, तर दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम, एक जण सारखा खोकतोय, काढून टाकू का, एक्स्ट्रा चार्ज नाही. मी म्हटलं, नको रे बाबा, ते काका आहेत.

तेव्हा लेखकमहाशयांना एवढंच सांगा की स्वच्छ करायचं तर करा, पण मूळ कॅसेट फेकू नका आणि जमलं तर दोन्ही प्रती लोकांना द्या. पत्र लांबलंय हे मला कळतंय. तुम्ही कापणार हेही कळतंय. कापताना स्वेटरचं काढा, फुटबॉलचं काढा, ब्लास्केटची गोष्ट तेवढी ठेवा.

आपली,
एक वाचक, मिरज