नागपूरच्या बर्डीच्या गल्लीतल्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मेच्या उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, जयप्रकाश नगरहून मेट्रोने आलेली काकू आठवते का? हातातल्या स्टीलच्या डब्यात बंद पडलेला फोन होता. तीच मी.

कूलरची मोटर, मिक्सरचं बटण, नळाचा वायसर हे सगळं मी घरीच करते. म्हणून मोबाईलची बॅटरीही व्हिडिओ बघून स्वतःच बदलली. फोन चालू केला, तर स्क्रीन काळी ठिक्कर. लेकानं बाहेरून रिंग दिली की आत थरथरायचा, पण दिसायचं काही नाही. माणूस दाराआडून बोलतो आणि दार उघडत नाही, तसं.

तुमच्याआधी दोन दुकानं झाली. एकानं फोन हातातही न घेता सांगितलं, "बोर्ड उडाला, नवीन घ्या." दुसऱ्यानं तीनशे रुपये तपासणीचे घेतले, दोन तास बसवलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काकू, हे काय पोळ्या लाटण्याइतकं सोपं आहे?" लोक हसले. बाप्पा, त्या दिवशी मला उन्हापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

तुम्ही आधी स्वतःच्या फोनवरून रिंग दिली, थरथर ऐकली आणि म्हणालात, "काऊन घाबरून राहिल्या काकू? बोर्ड जिवंत आहे." मग झाकण उघडलं. मी खाली मान घालून बसले होते, आता हा बोलणार म्हणून. तुम्ही भिंगातून बराच वेळ बघून म्हणालात, "बॅटरी बरोबर बसवली तुम्ही. स्क्रीनची पट्टी तेवढी एका बाजूनं उचललेली आहे." आधी बॅटरीची पट्टी सोडवलीत. ती चालू ठेवून स्क्रीन जोडली की मागचा उजेड देणारा भाग जळू शकतो, हेही सांगितलंत. ते मला ठाऊक नव्हतं. माझं नशीब थोर.

आणि मग ते भिंग तुम्ही माझ्याकडे फिरवलंत. चिमटा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "दाबा. मधे नाही, दोन्ही टोकांना. टक् होईल." माझं बोट कापत होतं. एक टक् झालं, दुसरं झालं. तुम्ही बॅटरी जोडलीत, बटण दाबलंत आणि नातीचा फोटो उजळला. शेजारच्या पोराला तुम्ही सांगितलं, "काकूंनी केला." तुम्ही नाही केला म्हणे!

शंभर रुपये घेतलेत, तेही बरं झालं. फुकट केलं असतं तर ओझं वाटलं असतं. ज्याला काम येतं त्याला दुसऱ्याला लहान करायची गरजच पडत नसावी, असं परतताना मेट्रोत वाटत होतं. असो, मी काही कीर्तन करत नाही.

कुठला स्क्रू कुठून काढला, लांब कोणता, आखूड कोणता, याचा मी काढलेला कागद तुम्ही त्या पोराला शिकवायला ठेवून घेतलात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला भोक पाडू शकतो, हे त्यालाही नीट सांगा. कागद परत नको. फक्त त्याच्या मागे एप्रिलच्या दुधाचा हिशेब आहे, त्याकडे लक्ष देऊ नका.