फरशी उखडू न देणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

मजुरी तुम्हाला त्याच दिवशी दिली, आभार मात्र राहून गेले. तुमचा मुलगा हे वाचून दाखवेलच.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराला रंग दिल्यावर रंगाऱ्याच्या माणसांनी फरशीवरचे शिंतोडे काढायला ॲसिड ओतलं. हॉलमधली कोटा दगडाची फरशी पांढुरकी पडली, देवघरातल्या मार्बलची चमक गेली. मग जो बघायला येई तो एकच सांगे, "उखडा आणि व्हिट्रिफाइड टाइल्स टाका." सासऱ्यांनी हौसेनं बसवून घेतलेली फरशी, तरी आम्ही मनाची तयारी करत आणली होती.

तुम्ही आलात, मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरलात, नख फिरवलंत आणि म्हणालात, "ताई, हा डाग नाही जी. ॲसिडनं दगड खाल्ला. पुसून जाणार नाही, घासून जाईल." कोटा काय, मार्बल काय, दोन्ही मुळात चुन्याचे दगड, आंबट लागलं की वरचा थर विरघळणारच. त्यात आपलं नागपूर! संत्र्याच्या दिवसांत कोणाच्या घरी रस सांडत नाही?

घिसाईचं काम तर तुम्ही फार निगुतीनं केलंत. आधी जाड डायमंड पॅड, मग 400, 800, 1500 असं एकेका बारीक नंबरच्या पॅडवर चढत जाणं, आणि दर वेळी आधीचा चिखल पूर्ण धुऊन काढणं. राहिलेला एक जाड कण पुढच्या पॅडखाली आला की पुन्हा ओरखडा, म्हणून मुलाला तीनदा कोपरे धुवायला लावलेत. सांधे नुसते वरून लिंपले नाहीत. भुसभुशीत ग्राउट खरवडून काढलंत आणि नवं कालवताना पाणी बेताचंच घातलंत. पाणी जास्त झालं की ग्राउट वाळल्यावर पीठ होऊन निघतं, हे आमच्या बाथरूमनं आधीच दाखवलं होतं.

समईखालचा तेलाचा डाग मात्र तुम्ही मशीनला शिवूच दिला नाहीत. खायचा सोडा पाण्यात दाटसर कालवून त्यावर थापलात, वर प्लॅस्टिक चिकटवलंत आणि म्हणालात, "उद्यापर्यंत हात लावू नका, राहिला तर पुन्हा लावा." दगडात मुरलेलं तेल सोडा ओढून घेतो. दुसऱ्या लेपानंतर डाग जवळजवळ दिसेनासा झाला. पैसे? शून्य!

खरे आभार तुम्ही जे केलं नाहीत त्याचे. ओट्याच्या ग्रॅनाइटला सीलर, म्हणजे डाग आत मुरू नये म्हणून दगडाला लावायचं द्रावण, मारा म्हणून मीच मागे लागले होते. तुम्ही त्यावर पाण्याचे थेंब टाकलेत, चहा होईस्तोवर थांबलात आणि थेंब पुसून दाखवलात. खाली दगड काळवंडला नव्हता. "पाणी पीतच नाही तो, कशाला पैसे घालवता?" मार्बलला सीलर मारलात, पण बजावलंतही, की यानं डाग मुरायला वेळ लागेल, लिंबाचा चट्टा थांबणार नाही. एवढं सांगून वर माल विकणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

आता टॉयलेट क्लीनर आणि व्हिनेगर फरशीपासून लांब असतात. साधं पाणी, त्यात ॲसिड नसलेल्या न्यूट्रल क्लीनरचं एखादं झाकण, आणि दारात पायपुसणं, कारण बुटांची रेतीच पॉलिश खाते.

मानेवाड्याच्या माझ्या नणंदेला तुमचा नंबर दिलाय. तिलाही ग्रॅनाइटला सीलरच मारायचा आहे. थेंब टाकून तुम्हीच दाखवा, माझं ती ऐकत नाही.

आपली,
महालातली ताई